महोगनीची पाठ

कॉलेजातून घरी आले, तर माझे सासरे हॉलच्या खिडकीशी एक्स-रेची फिल्म उजेडात धरून उभे. चेहरा इतका गंभीर की चपला काढता काढता मी तशीच थांबले.

"बाबा, कुणाचं काही वाईट आहे का?"

"इकडे ये, नीलाक्षी. सांग, काय दिसतंय?"

मी भूगोल शिकवते. नकाशातली दरी कुठली आणि डोंगर कुठला ते मला लांबून कळतं, पण फिल्मवर खुबा कुठला आणि खांदा कुठला हे कधी कळलेलं नाही. तरी सुनेनं अगदीच कोरडं राहू नये म्हणून मी डोळे बारीक करून पाहिलं. एका अंगानं सपाट आणि दुसऱ्या अंगानं फुगलेलं काहीतरी राखाडी होतं.

"पाठीला फार बाक आलाय का हो?" मी भीत भीत विचारलं.

"बाक?" बाबांना माझी कीव आली. "बाक नव्हे, कमान म्हण! आता नीट बघ. फासळ्या दिसतात? एक तरी? नाही ना? आतून आधार नाही, पट्टी नाही, काही नाही, आणि चाळीस वर्षं ही पाठ जशीच्या तशी आहे. सगळ्या आयुष्यात अशी पाठ पाहिली नाही मी."

"अगं बाई! मग तो माणूस जगला कसा?"

स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज आला, "घाबरू नकोस गं. पेशंट सुखरूप आहे. गिटारीचा फोटो आहे तो."

डॉक्टर श्रीरंग हसबनीस म्हणजे सांगलीतलं मोठं नाव. हाडांचे डॉक्टर. विश्रामबागेत दवाखाना आणि मागच्या गल्लीत घर. उसाच्या ट्रॉलीखाली सापडलेले पाय, मोटरसायकलवरून पडलेले खांदे, बैलानं मारलेल्या मांड्या, सगळं त्यांनी जोडून दिलेलं. जिल्ह्यात असा रस्ता नसेल, ज्यावरून बाबांनी बसवलेली एखादी सळई रोज चालत जात नसेल. साठी उलटल्यावर त्यांनी ऑपरेशनं हाताखालच्या डॉक्टरांवर सोपवली आणि सकाळी थोडा वेळ तेवढे दवाखान्यात बसू लागले. त्याच साली दोघं माझ्या नणंदेकडे अमेरिकेला गेले. नणंद मुलांना पोहायला सोडायला गेली, तेवढा वेळ काढायला म्हणून बाबा शेजारच्या जुन्या वाद्यांच्या दुकानात शिरले आणि दुकान बंद होईपर्यंत बाहेर आले नाहीत.

"मी एका मोडक्या ड्रमवर बसून होते," सासूबाई सांगायच्या. "दुकानदारानं दोनदा कॉफी विचारली. त्याला वाटलं, मीही विकायला आहे."

अशी ती गिटार घरात आली. अमेरिकन, सत्तरच्या दशकातली, गडद तांबूस महोगनीची. तिची महती ऐकल्याशिवाय आमच्याकडे कुणाला चहा मिळत नसे. बाबा तिला पालथी घालून मांडीवर घेत आणि पाठीवरून हात फिरवत सांगत, "साध्या गिटारीची पाठ सपाट असते. सपाट पाठीला आतून आडव्या पट्ट्या लावाव्या लागतात, नाहीतर वाकते. ही पाठ साच्यात दाबून कमानदार घडवलेली आहे. कमान आपला भार आपणच पेलते. तिला कुणाचा टेकू लागत नाही. म्हणून आवाज आत कुठं अडखळत नाही, पाठीवर आपटतो आणि थेट बाहेर येतो." मग पाहुण्यांच्या हातात छोटी बॅटरी देऊन ते त्यांना गिटारीच्या पोटात डोकावायला लावत. पाहुणे डोकावत, "वा वा" म्हणत. आत काय नाही हे बघून "वा" म्हणायचं असतं, हे एकदा कळलं की सोपं होतं.

मग वाजवणं. बाबा मिरजेच्या मेडिकल कॉलेजात असताना हॉस्टेलवर गिटार वाजवत, असं त्यांचंच म्हणणं होतं. आम्ही पाहिलं ते एवढंच. डाव्या हाताची बोटं एकेक करून जागेवर बसवायची, सळई बसवावी तशी. मग उजव्या हाताचा अंगठा सगळ्या तारांवरून एकदा, फक्त एकदा, फिरवायचा आणि तो हात वर करायचा. हात वर झाला की घरात सगळ्यांनी गप्प. पंखा बंद, कुकर बंद, बाहेर भाजीवाला ओरडला तर बाबांच्या कपाळावर आठी.

"ऐका," ते कुजबुजत. "अजून आहे... अजून आहे..."

खोटं कशाला बोलू, आवाज सुरेख होता. कोरडा, उबदार, उन्हं उतरल्यावर भिंतीला हात लावावा तसा. माझ्याही अंगावर पहिल्यांदा काटा आला होता. पण आवाज संपल्यावर पुढं काही यायचं नाही. बाबा गिटार पुसून पेटीत ठेवायचे. एकदा न राहवून मी म्हणाले, "बाबा, एखादं गाणं वाजवा ना."

"गाणं?" ते म्हणाले. "गाणं काय, कुठल्याही गिटारीवर वाजतं."

सांगलीचा उन्हाळा महोगनीला सोसत नाही, असं लवकरच सिद्ध झालं. घरात एसी एकाच खोलीत, खालच्या मागच्या. ती सासूबाईंची खोली. तिथं त्यांचा पलंग, शिवणयंत्र आणि देव. आठवडाभरात पलंग माडीवर गेला, देव जिन्याखाली आले, आणि भिंतीवर हवेतला ओलावा मोजायचं काटेवालं यंत्र लागलं. 

"आणि मला उन्हाळा सोसतो वाटतं?" सासूबाईंनी विचारलं.

"तू इथलीच आहेस," बाबा म्हणाले. त्यात त्यांना काही वावगं वाटलं नाही. खरं तर सासूबाईंना हसूच आलं. मी लग्न होऊन चिपळूणहून आले त्याला तेव्हा जेमतेम दीड वर्ष झालं होतं, आणि माझ्या या सासूची मला जरा भीतीच वाटायची. हेमलता हसबनीस बोलल्या की समोरच्याला आपला कापलेला भाग नंतर सापडायचा.

पण त्या उन्हाळ्यात त्या जिना चढताना मध्येच थांबायला लागल्या. कठड्याला धरून उभ्या राहायच्या आणि भिंतीवरचं कॅलेंडर वाचत असल्याचा आव आणायच्या. वरच्या फळीवरचा बेसनाचा डबा त्या मला काढायला सांगू लागल्या. एक दिवस साडीच्या निऱ्या जमिनीवर लोळताना दिसल्या. मी म्हटलं, "आई, साडी खाली आलीय."

"साडी नाही आलेली. मी आलेय," त्या म्हणाल्या. मग कंबरेवर हात ठेवून त्यांनी घसा साफ केला आणि हुबेहूब बाबांच्या आवाजात सुरू केलं, "भगिनींनो, उंची कमी होऊ लागली, साडी लांब वाटू लागली, पाठीला बाक येऊ लागला, की समजावं, हाडं ठिसूळ होत आहेत. हा स्त्रियांचा मुका शत्रू आहे. आपण घरातल्या सगळ्यांची काळजी घेता, पण स्वतःची?" इथं त्यांनी बाबांसारखाच चष्मा काढायचा अभिनय केला. "दर जागतिक महिला दिनाला हे भाषण असतं. पहिल्या रांगेत बसून ऐकते मी. टाळ्यासुद्धा वाजवते."

"मग बाबांना सांगा ना!"

"सांगितलं की. म्हणाले, वय झालं, व्यायाम कर. मला वाटलं, फोटो काढायला ये तरी म्हणतील. वाट बघत होते." त्यांनी एसीच्या खोलीकडे मान वळवली. "तर तिचे निघाले. एक समोरून, एक आडवा."

माझा नवरा सलील पुण्याला नोकरीला होता, शनिवार-रविवारी यायचा. मी त्याला फोन केला.

"आईंच्या पाठीचं काहीतरी बघायला हवं रे."

"अगं, बाबा हाडांचे डॉक्टर आहेत. त्यांना दिसत नसेल का?"

"नसेल दिसत."

"काहीतरीच काय. अख्ख्या जिल्ह्याचं दिसतं त्यांना."

जिल्ह्याचं दिसायचं, हे खरंच होतं. दुसरा कुणी हाडांचा डॉक्टर सुचवायची सोय नव्हती, कारण जवळपास दुसरे म्हणजे डॉक्टर बाहुबली चौगुले. ते पूर्वी बाबांच्याच हाताखाली होते. चार वर्षं शिकले आणि मग बाबांच्या दवाखान्यासमोर, रस्त्याच्या पलीकडे, तीन मजली हॉस्पिटल बांधून मोकळे झाले. तेव्हापासून बाबा त्यांचं नाव घेत नसत. "तो समोरचा सुतार" म्हणत. "करवत आणि हातोडी, दुसरं येतंय काय त्याला!"

"सुतार असेल तर बरंच आहे," सासूबाई म्हणायच्या. "गिटार त्याच्याकडेच दाखवा."

मे महिन्यातल्या एका रविवारी, सलील कामामुळे पुण्यालाच राहिला होता तेव्हा, बाबांनी गिटारीसाठी नाश्ता ठेवला. शब्द अतिशय जपून वापरतेय. गिटारीसाठीच होता. पुण्याहून गुर्जर नावाचे एक गृहस्थ येणार होते. जुनी वाद्यं पाहून त्यांची जात, वय आणि योग्यता सांगणं हा त्यांचा छंद होता, आणि त्यांच्या तोंडून प्रशस्ती ऐकायला बाबांनी क्लबातली दहा-बारा मंडळी बायकांसह बोलावली होती. गुर्जर आले ते कडक खादीचा झब्बा, गळ्यात भिंग आणि पायात कोल्हापुरी. त्यांनी खाण्याला हात लावला नाही. "जिभेवर तेल असलं की कान बंद होतात," म्हणाले. समोर पोह्यांचा घास घेतलेल्या मंडळींनी तो तसाच गालात धरून ठेवला.

मग त्यांनी गिटार उचलली, वाजवली नाही. तिच्या पोटाच्या भोकाला नाक लावलं आणि बराच वेळ श्वास घेतला.

"जुनं कपाट," ते डोळे मिटून म्हणाले. "थोडी तंबाखू. आणि खाली, अगदी खाली, मनुका."

"मनुका!" बाबांचा आवाज भरून आला.

मग सगळ्यांनी वास घेतला. वकील, दोन कारखानदार, एक निवृत्त प्राचार्य आणि त्यांच्या सौभाग्यवती अशी रांग लागली. प्राचार्यांना मनुका आल्या नाहीत, तर त्यांना परत रांगेत उभं केलं. मी रिकाम्या बश्या उचलत होते. माझ्याही पुढं गिटार धरली गेली. मला गिटारीला गिटारीचाच वास आला, पण मी "हो, हो" म्हटलं. दीड वर्षाची सून मनुका नाकारत नाही.

"आता आवाज," गुर्जर म्हणाले. "डॉक्टर, तुम्हीच."

मी स्वयंपाकघरात आले. सासूबाई पहाटेपासून उभ्या होत्या. पोहे झाले होते, शिरा झाला होता, आता चहाबरोबर भडंग द्यायचं म्हणून ओट्याखालचा मोठा डबा काढायला त्या वाकल्या. मी म्हणाले, "थांबा, मी काढते," तोवर त्यांनी डबा ओढला होता. बाहेर बाबांचा अंगठा तारांवरून फिरला. तो घुमता आवाज घरभर पसरला, आणि त्याच क्षणी सासूबाई ओट्याची कड धरून ओरडल्या, "आई गं!"

हॉलमधून उत्तर आलं. "श्श्श्श!"

एकट्या बाबांचं नव्हे, बारा-पंधरा तोंडांचं ते श्श्श् होतं.

सासूबाईंचा चेहरा पांढरा पडला होता. त्या ओट्याला धरून ओणव्या होत्या आणि त्यांना वर होता येत नव्हतं. मी त्यांना स्टुलावर टेकवलं आणि धावत हॉलमध्ये गेले.

"बाबा, आईंना—"

बाबांचा उजवा हात वर होता. माझ्याकडे न बघता त्यांनी तो आणखी वर केला. गुर्जरांनी डोळे मिटले होते. "अहाहा," ते पुटपुटले, "आहे, अजून आहे." सगळे खाली मान घालून ऐकत होते, कुणी हातातला चमचासुद्धा हलवत नव्हतं. मीही उभी राहिले. आवाज संपेपर्यंत उभी राहिले. गिटार खरोखरच उत्तम होती, त्यामुळे फार वेळ लागला.

मग टाळ्या झाल्या. मग बाबा आत आले. त्यांनी सासूबाईंच्या पाठीवर साडीवरूनच अंगठा दाबला. "स्नायू धरलाय. गोळी देतो. वर जाऊन पड." आणि जाता जाता, अगदी प्रेमानं म्हणाले, "हेमा, अजून आवाज चालू होता गं. जरा थांबायचंस."

"बाबा, खालच्या खोलीत झोपू दे त्यांना. जिना कशाला?"

"खाली गुर्जर आडवे होणार आहेत. रात्रीचा प्रवास झालाय त्यांचा."

त्या जिन्याला किती पायऱ्या होत्या ते मी मोजलं नाही. सासूबाईंनी माझ्या खांद्यावर हात टाकला होता आणि प्रत्येक पायरीला त्यांची बोटं माझ्या खांद्यात रुतत होती. अर्ध्यावर त्या थांबल्या. या वेळी त्यांनी कॅलेंडर वाचल्यासारखं केलं नाही.

"नीला," त्या म्हणाल्या, "त्या माणसाला खरंच मनुकांचा वास आला असेल का गं?"

"नसेल हो."

"मला वाटलंच," त्या म्हणाल्या आणि पुढची पायरी चढल्या.

दुसऱ्या दिवशी बाबा दवाखान्यात गेल्यावर त्यांनी मला वर बोलावलं. पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. शेजारी जांभळी इरकल घडी करून ठेवलेली.

"नेसव मला."

"आई, कुठं जायचंय? गाऊनवर राहा ना."

"गाऊनवर माणूस आजारी दिसतं. नेसव."

मी नेसवली. त्यांना हात वर करता येत नव्हता, वळता येत नव्हतं. मी त्यांच्याभोवती फिरत राहिले. निऱ्या खोचताना माझं डोकं त्यांच्या छातीशी आलं, तेव्हा त्यांचा श्वास किती तुटक चाललाय ते कळलं. पदर लावल्यावर त्यांनी कुंकू मागितलं. मग म्हणाल्या, "रिक्षा आण. गाडी नको. ड्रायव्हर आधी यांना फोन करेल."

"कुठं जायचं सांगू रिक्षावाल्याला?"

"चौगुल्यांकडे."

सांगलीत असं काही झालेलं कुणी ऐकलं नव्हतं. मारुतीच्या पुजाऱ्याची बायको समोरच्या दर्ग्यात नवस बोलायला गेली असती, तरी एवढं नवल वाटलं नसतं.

"आई, मी आधी फोन करून ठेवते. मागच्या दारानं आत घेतील आपल्याला."

"पुढच्या दारानं," त्या म्हणाल्या. "नंबर लावून."

रिक्षावाल्याला मी सांगितलं, "एकूण एक खड्डा चुकव, हवे तेवढे पैसे देते." बिचाऱ्यानं पायी चालल्यासारखी रिक्षा चालवली. चौगुल्यांच्या हॉस्पिटलात तुडुंब गर्दी. काउंटरवरच्या मुलीनं मान वर न करता विचारलं, "नाव?"

"हेमलता श्रीरंग हसबनीस."

मुलीचं पेन थांबलं. बाकड्यावरची कुजबुज थांबली. पाय प्लॅस्टरमध्ये घातलेली एक आजी बाजूला सरकली आणि सासूबाईंना जागा देत म्हणाली, "म्हंजी, त्या समोरच्या डाक्टरच्या कोण तुम्ही?"

"बायको."

"आन मग हितं कशापायी?"

"त्यांच्याकडे फार गर्दी असते," सासूबाई म्हणाल्या.

निरोप आत गेला असणार. दार उघडून खुद्द डॉक्टर चौगुले बाहेर आले. धिप्पाड माणूस, पण सासूबाईंना बाकड्यावर बसलेलं बघून शाळकरी पोरासारखे गोंधळले. "मॅडम? अहो, तुम्ही इथं काय बसलाय? आत या, आत या." शिकत असताना ते आमच्याच घरी जेवायला असायचे, हे मला तेव्हा कळलं.

"आमचा नंबर यायचाय अजून," सासूबाई म्हणाल्या.

बाकड्यावरच्या सगळ्यांनी त्यांना पुढं घातलं. आत चौगुल्यांनी त्यांना आधार देऊन बसवलं आणि पाठीच्या एकेका मणक्यावर हलकेच बोट टेकत विचारत गेले, "इथं? इथं? आणि इथं?" एका ठिकाणी सासूबाईंनी माझा हात घट्ट धरला. चौगुल्यांनी लगेच बोट काढलं. मग एक्स-रे झाला. तो दिव्यासमोर लावून ते बराच वेळ बघत राहिले.

"मॅडम, कधीपासून दुखतंय?"

"दोन-तीन महिने."

"मग आधी का नाही दाखवलंत?"

"घरात डॉक्टर आहेत ना," सासूबाई म्हणाल्या. "त्यामुळे उशीर झाला."

तेवढ्यात दार ढकलून बाबा आत आले. रस्ता ओलांडायला लागतो तेवढाच वेळ बातमीला लागला होता. अंगात पांढरा कोट, चेहरा लालबुंद. "हेमा, हा काय तमाशा—" ते म्हणाले आणि थांबले, कारण दिवा चालू होता. पस्तीस वर्षांची सवय. खोलीत दिवा आणि फिल्म असली की त्यांची नजर माणसांवर ठरत नसे.

ते जवळ गेले. त्यांनी बघितलं.

"दोन मणके," ते अगदी वेगळ्या आवाजात म्हणाले. "दबलेत. हा नवा आहे. हा... हा जुना आहे."

"होय, सर," चौगुले म्हणाले.

"जुना कसा?" बाबांनी विचारलं. कुणाला विचारलं कोण जाणे. त्यांनी फिल्मच्या कोपऱ्यातलं नाव वाचलं, आणि मग पुन्हा वाचलं. एसीचा गार वारा सुटला होता, तरी त्यांनी कोटाचं वरचं बटण काढलं. मग ते काहीतरी बोलू लागले, हाडांची घनता, कॅल्शियम, तीन आठवडे पूर्ण विश्रांती, असं भराभर, महिला दिनाच्या भाषणासारखं. चौगुल्यांनी मान खाली घालून सगळं ऐकलं आणि मग अतिशय नम्रपणे म्हणाले, "सर, मला मॅडमना थोडं विचारायचंय. नातेवाइकांनी जरा बाहेर बसावं."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी बाजूला बघितलं. ते बाहेर गेले. दार पुरतं लागलं नव्हतं, त्यामुळे प्लॅस्टरवाल्या आजींचा खणखणीत आवाज आत आला. "या डाक्टर, बसा. तुम्ही बी हितंच दावताय व्हय?"

सासूबाईंनी डोळे मिटले. मला वाटलं, कळ आली. पण त्या हसत होत्या, पाठ न हलवता हसता येईल तेवढ्या.

आता यावर कुणी म्हणेल, माणूस हादरला, बदलला. तसं काही नसतं. आठवड्याभरात बाबा क्लबात सांगू लागले की डॉक्टरनं घरच्यांवर स्वतः उपचार करू नयेत, हे वैद्यकाचं मूलभूत तत्त्व आहे, म्हणून हेमाला मीच चौगुल्यांकडे पाठवलं. त्या विषयावर त्यांनी पुढच्या महिन्यात एक व्याख्यानही दिलं. बायको आणि तत्त्व यांतलं त्यांना तत्त्व आधी सापडलं, एवढंच. सलील शनिवारी आला, आईच्या उशाशी बसून रडला आणि मला म्हणाला, "तू मला नीट सांगायला हवं होतंस."

मात्र चौगुल्यांनी जिना बंद केला होता, त्यामुळे पलंग खाली आला. बाबा गिटार उचलून माडीवर न्यायला लागले, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "राहू दे तिला. कोपऱ्यात राहील. आवाज चांगला आहे तिचा, माझं तिच्याशी काही भांडण नाही." मग गिटार एका भिंतीला आणि पट्टा बांधलेल्या सासूबाई दुसऱ्या भिंतीला, अशा दोघी त्या गार खोलीत राहू लागल्या. बाबा दारात उभे राहायचे. आत आले की काय करायचं ते त्यांना सुचत नसे. गिटार काढावी तर हिच्यासमोर कशी वाजवायची, आणि हिच्याशी बोलावं तर काय बोलायचं! इतकी वर्षं बोलायचं काम तिनंच केलं होतं.

एका सकाळी मी सासूबाईंना पेज भरवत होते. बाबा आत आले, खुर्ची ओढून पलंगाशी बसले. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट. घसा दोनदा साफ केला. मग त्यांनी हात पुढं केला, पण पाठीपर्यंत नेला नाही, पांघरुणावरच ठेवला.

"हेमा," ते म्हणाले, "नेमकं कुठं दुखतं गं?"

असं ते रोज पन्नास जणांना विचारत आले होते. त्यांनी घरात विचारलेलं मी पहिल्यांदा ऐकत होते. सासूबाईंच्या चेहऱ्यावरून वाटलं, त्याही. त्यांनी पेजेचा घास सावकाश गिळला.

"चौगुल्यांना विचारा," त्या म्हणाल्या. "त्यांना ठाऊक आहे सगळं."

मला वाटलं, बाबा आता संतापतील. त्यांनी खुर्ची जागेवर सरकवली. मग बाहेर बूट घालायचा आवाज आला, फाटक वाजलं. खिडकीतून मी बघितलं, तर बाबा गल्लीच्या टोकाकडे चालले होते. दवाखान्याची बॅग हातात नव्हती.

"आई," मी म्हणाले, "ते खरंच निघालेत हो. चौगुल्यांकडे."

"आज गुरुवार ना?"

"हो."

"गुरुवारी चौगुल्यांची ओपीडी बंद असते," त्या म्हणाल्या आणि चमच्यासाठी तोंड उघडलं.

"अगं बाई! थांबवू का मग त्यांना?"

"नको. जाऊ देत," सासूबाई म्हणाल्या. "उद्या परत जातील."